ढेकळाची परीक्षा

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान, संपादित)

सभाजनहो, पाण्यावर बोलायला आलेला माणूस टेबलावर मातीची दोन ढेकळे मांडतो, याचे नवल वाटणे साहजिक आहे. पहिले ढेकूळ सांवेरकडच्या एका सोयाबीनच्या शेतातले आहे. दुसरे त्याच शेताच्या बांधावरचे, जिथे कित्येक वर्षांत नांगर फिरलेला नाही. दोन्ही आठवडाभर उन्हात वाळवली आहेत. आता ती जाळीच्या गाळण्यांत ठेवून पाण्याच्या दोन ग्लासांत सोडतो.

पाहा, पहिल्यातून बुडबुडे निघू लागले. कोरड्या ढेकळात पाणी शिरते तेव्हा आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि बाहेर पडताना ढेकूळच फोडते. बांधावरच्या ढेकळातही हवा आहेच; पण गवताच्या मुळांनी, बुरशीच्या तंतूंनी आणि कुजलेल्या पाचोळ्यातून तयार झालेल्या चिकट द्रव्यांनी त्याचे कण बांधून ठेवले आहेत, म्हणून ते तग धरून आहे. पहिला ग्लास एव्हाना गढूळ झाला. आषाढात आपल्या ओढ्यांना चढतो तो रंग हाच.

माळव्याची काळी माती वैशाखात भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जिरतो. मात्र एकदा चिकणमाती फुगून भेगा मिटल्या की जिरण्याचा वेग फार मंदावतो आणि पाणी उताराने धावू लागते. नेमके त्याच दिवसांत सोयाबीनचे रोप लहान असते, ओळींमधली जमीन उघडी असते, आणि पेरणी उताराच्या दिशेने केलेली असेल तर प्रत्येक ओळ म्हणजे एक नालीच होते. एका हेक्टरवरून अवघा १ मिलिमीटर थर गेला तरी १० घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन माती गेली. शेतकऱ्याच्या डोळ्यांना तो फरक दिसतसुद्धा नाही. आडवी पेरणी आणि बांधावर खसाची (वाळ्याची) दाट ओळ, एवढ्याने त्यातली बरीच माती अडते.

ही माती एकटी जात नाही. खतातला स्फुरद तिच्या कणांना चिकटून तळ्यात उतरतो आणि त्यावर शेवाळ व जलपर्णी पोसली जाते. नायट्रेटची चाल वेगळी: ते पाण्यात विरघळून विहिरीत झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उकळले की पाणी निर्धोक झाले अशी आपल्या घरोघरी पक्की समजूत आहे. गढूळ पाण्यात नुसते क्लोरीन टाकणेही तितकेच फसवे, कारण जंतू मातीच्या कणांआड लपतात. म्हणून आधी तुरटी, मग निवळ, आणि त्यानंतर औषध.

१९७८ मध्ये जलूदहून सुमारे ७० किलोमीटर दूरचे नर्मदेचे पाणी शहरात आले, आणि आपले तळ्यांकडे पाहणे सुटले, असे माझे मत आहे. सिरपूर आणि यशवंत सागर या आपल्या तळ्यांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, मान मिळाला खरा. पण मानाने गाळ थांबत नाही. कान्ह नदीत आपण जे सोडतो ते क्षिप्रेला, म्हणजे उज्जैनच्या घाटांना जाऊन मिळते.

गंमत अशी की मातीला बांधणारे खत करण्याची एक पद्धत जगभर आपल्याच शहराच्या नावाने ओळखली जाते. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या कृषी संशोधन संस्थेत काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग वेळोवेळी उलटून, सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. त्याच माळव्यात आज गव्हाची काडी जाळली जाते.

आपल्यापैकी अनेकांची शेती अजून गावाकडे आहे. पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने दोन ढेकळे आणावीत, एक शेतातले आणि एक बांधावरचे. ती वाळवलेली असावीत, आणि चिठ्ठीवर शेवटचे शेणखत कोणत्या वर्षी घातले ते लिहावे. ग्लास आणि गाळणी मी आणतो.