द जॉर्ज : लंडनमधील सज्जांची शेवटची सराय

लंडन ब्रिज ओलांडून थेम्सच्या दक्षिण तीरावर आले, की साउथवर्कचा बरो हाय स्ट्रीट सुरू होतो. या रस्त्यावरील इमारतींच्या रांगेतून एक वाट आत वळते आणि फरसबंद चौकात येऊन पोहोचते. चौकाच्या दक्षिण अंगाला उभी असलेली ही लांबट, जुनी इमारत म्हणजे 'द जॉर्ज' हा पब. घोडागाड्यांच्या काळात प्रवाशांसाठी बांधलेल्या, सज्जे असलेल्या सराया एके काळी लंडनमध्ये अनेक होत्या. त्यांपैकी आज ही एकच उभी आहे.

अशा सराया नेमक्या याच रस्त्यावर दाटीने उभ्या राहिल्या, याचे कारण पूल हे होते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेकडून लंडन शहरात शिरण्यासाठी लंडन ब्रिज हाच एक पूल होता आणि त्याची दारे रात्री बंद होत. केंट आणि ससेक्स परगण्यांतून माल घेऊन येणारे गाडीवान, डोव्हर बंदराकडे निघालेले प्रवासी आणि कँटरबरीच्या यात्रेला जाणारे भाविक या सर्वांचा मुक्काम त्यामुळे पुलाच्या अलीकडे, साउथवर्कमध्येच पडत असे. जॉर्जच्या शेजारी टॅबर्ड आणि व्हाइट हार्ट या तितक्याच नामांकित सराया होत्या.

जॉर्ज मध्ययुगापासून येथे होती. मात्र आज दिसणारी वास्तू तेव्हाची नाही. 26 मे 1676 रोजी लागलेल्या आगीत साउथवर्कचा मोठा भाग भस्मसात झाला. जॉर्जही त्यात जळाली आणि पुढच्याच वर्षी, 1677 मध्ये, ती नव्याने उभी राहिली. शेक्सपिअर याच छताखाली बसत असे, असे मोठ्या हौसेने सांगितले जाते. परंतु त्याचे निधन 1616 मधले असल्यामुळे या भिंती त्याने पाहिल्या असणे शक्य नाही. अशा सरायांच्या चौकांत त्या काळी नाटके होत आणि प्रेक्षक सज्जांतून ती पाहत, एवढे मात्र खरे आहे.

आता सज्जांकडे नीट पाहू या. इमारतीच्या एका भागाला एकावर एक असे दोन सज्जे आहेत. भक्कम लाकडी कठडे आणि छताचा भार पेलणारे खांब यांमुळे ते शोभेसाठी केले असावेत असे वाटते, पण त्यांचे काम अगदी रोजच्या गरजेचे होते. खोल्यांकडे जाण्याची वाटच या सज्जांतून होती आणि खोल्यांची दारे थेट त्यांवर उघडत. चौकात गाडी थांबली, की प्रवासी जिन्याने वर चढून सज्जातून आपल्या खोलीत जात असे. आत वेगळा बोळ काढावा लागत नसल्याने जागा वाचे. इमारतीचे तोंड उत्तरेकडे असल्यामुळे खिडक्यांना थेट ऊन फारसे मिळत नाही. आतल्या तुळयांच्या ठेंगण्या खोल्या दिवसाही काहीशा मंद उजेडात असतात.

तळमजल्यावरील जुन्या दालनात एक मोठे भिंतीवरचे घड्याळ आहे. 1797 मध्ये इंग्लंडमध्ये घड्याळांवर कर बसला आणि लोक सार्वजनिक घड्याळांवर विसंबू लागले, अशी या प्रकारच्या घड्याळांची हकीकत सांगतात. पण तो कर दुसऱ्याच वर्षी रद्द झाला आणि अशी घड्याळे त्याच्या कितीतरी आधीपासून सरायांत लावली जात होती. ज्या ठिकाणाहून गाड्या ठरलेल्या वेळी सुटत, तेथे सर्वांना दुरून दिसेल असे घड्याळ लागणारच, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

या वास्तूचे खरे नुकसान आगीपेक्षा रेल्वेने केले. 1836 मध्ये अगदी जवळच लंडन ब्रिज स्थानक सुरू झाले आणि घोडागाड्यांचा धंदा ओसरत गेला. पुढे सराय ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेली. कंपनीने तिचा उपयोग मालाच्या ठाण्यासारखा केला आणि 1889 मध्ये गोदामांसाठी चौकाच्या इतर बाजूंची बांधकामे पाडली. टॅबर्ड आणि व्हाइट हार्ट त्याच काळात पूर्णपणे नाहीशा झाल्या. आज आपण पाहतो ती जॉर्जची केवळ दक्षिणेकडील ओळ आहे. समोरासमोरचे सज्जे, मधली गजबज आणि मागचे तबेले यांचे चित्र या एका बाजूवरूनच मनाशी जुळवावे लागते.

ही उरलेली बाजू शेवटी रेल्वेनेच लोकांच्या हाती सोपवली. ग्रेट नॉर्दर्नची वारस असलेल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने 1937 मध्ये ती ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. संरक्षित वास्तूंच्या यादीत तिला पहिली श्रेणी आहे. तरीही तिचे संग्रहालय झालेले नाही, आणि ही फार मोलाची गोष्ट आहे. ट्रस्टने ती भाडेकराराने चालवायला दिली असून तळमजल्यावर बिअर मिळते, आणि पूर्वी प्रवासी जेथे झोपत त्या वरच्या दालनांत आता जेवणाच्या पंगती बसतात.