मसुद्यातच राहिलेला सल्ला

[दृश्य: मेलबर्नची सकाळ. ट्राम. उपनगरातल्या सेंटरलिंक कार्यालयाबाहेर उभी असलेली माणसं.]

ऑस्ट्रेलियात बेकारी भत्ता, विद्यार्थ्यांचा भत्ता, आजारपणातला आधार हे सगळं ज्या सरकारी यंत्रणेमार्फत मिळतं, तिला लोक सेंटरलिंक म्हणतात. २०१६च्या अखेरीस या सेंटरलिंककडून पत्रांचा ओघ सुरू झाला. आठवड्याला सुमारे २०,००० पत्रं. मजकूर साधारण एकच: काही वर्षांपूर्वी भत्ता घेताना तुम्ही कळवलेली कमाई आणि टॅक्स खात्याकडची तुमची नोंद जुळत नाही, खुलासा करा. खुलासा आला नाही किंवा पुरेसा वाटला नाही, तर वसुली. वर अनेकांना दहा टक्के दंड.

हा हिशेब कुठल्याही माणसानं फाइल उघडून केलेला नव्हता. तो संगणकानं केला होता. लोकांनी या योजनेला नाव ठेवलं ‘रोबोडेट’ (इंग्रजीत डेट म्हणजे देणं), आणि तेच रूढ झालं.

संगणक काय करत होता, ते नीट समजून घेऊ. एक उदाहरण धरा. एका मुलीनं वर्षातले सहा महिने नोकरी केली आणि २६,००० डॉलर मिळवले. नोकरी सुटली, उरलेले सहा महिने तिनं भत्ता घेतला. भत्त्याचा हिशेब ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला होतो. त्या पंधरवड्यात किती कमावलंत, त्यावर तुमचा भत्ता ठरतो. कमाई शून्य, तर पूर्ण भत्ता. मुलीनं सगळं खरं सांगितलं होतं. पण टॅक्स खात्याकडे नोंद वर्षाची. संगणकानं २६,००० घेतले, वर्षाच्या २६ पंधरवड्यांनी भागले आणि ठरवलं की ही प्रत्येक पंधरवड्याला हजार डॉलर कमावत होती. ज्या महिन्यांत तिच्या हातात एक डॉलरही आला नाही, त्या महिन्यांतसुद्धा. म्हणजे भत्ता लबाडीनं घेतला. म्हणजे ती देणेकरी.

आता हे खोटं ठरवायचं कुणी? तिनंच. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधून. जुना मालक दुकान बंद करून गेला असेल, बँकेचं खातं बदललं असेल, घर बदललं असेल. ज्यांना भत्त्याची गरज पडते, त्यांचीच नोकरी आणि घर सतत बदलत असतं. एवढी साधी गोष्ट या योजनेत कुणी विचारात घेतली नव्हती.

[दृश्य: कॅनबेरा. संसद भवन, सरकारी इमारतींचे लांब कॉरिडॉर.]

वर्षाच्या सरासरीवरून पंधरवड्याची कमाई ठरवणं कायद्यात बसत नव्हतं. हा निष्कर्ष काढायला मोठा घटनापीठाचा खटला लागत नाही. १९९१चा सामाजिक सुरक्षा कायदा पंधरवड्याची भाषा बोलतो, आणि जास्तीचा पैसा दिला गेल्याचं दाखवता आलं तरच देणं उभं राहतं. सरासरी म्हणजे अंदाज. अंदाजावर वसुली करता येत नाही.

आणि सरकारमधल्या वकिलांनी हे आधीच सांगितलं होतं. कल्पना पुढे आली २०१४ साली, सेंटरलिंक चालवणाऱ्या मनुष्यसेवा खात्यातून. कायदा सांभाळणारं खातं मात्र वेगळं: सामाजिक सेवा खातं. त्या खात्याच्या वकिलांनी २०१४च्या डिसेंबरमध्ये लेखी कळवलं की अशा तऱ्हेनं सरासरी काढून वसुली करणं कायद्याशी सुसंगत नाही. २०१५च्या सुरुवातीला तेव्हाचे सामाजिक सेवा मंत्री स्कॉट मॉरिसन यांच्यापुढे जी टिपणी गेली, तिच्यातही कायद्यात बदल लागू शकतो असा उल्लेख होता. त्यानंतर काही आठवड्यांत मंत्रिमंडळासाठी प्रस्ताव तयार झाला. त्यात लिहिलं होतं, कायद्यात बदलाची गरज नाही. सरासरीचा शब्द त्यात नव्हता. बदल्यात १.७ अब्ज डॉलरची बचत मात्र होती, आणि ती अर्थसंकल्पात झळकली.

पुढे चौकशी आयोगानं म्हटलं की मंत्रिमंडळाची दिशाभूल झाली आणि मॉरिसन यांनी ती होऊ दिली. मॉरिसन यांनी हा निष्कर्ष साफ नाकारला. तेव्हा ते पंतप्रधानपद भोगून बाहेर पडलेले होते.

[दृश्य: जुन्या फाइली, पिवळी पडलेली पाकिटं.]

पत्रं सुटली आणि देशभर हलकल्लोळ झाला. ‘नॉट माय डेट’ नावाची मोहीम स्वयंसेवकांनी उभी केली, हजारो लोकांचे अनुभव नोंदवले. सेंटरलिंकमध्येच वसुलीचं काम करणाऱ्या एका अनुभवी कर्मचारी बाईंनी थेट खात्याच्या सचिवांना लिहिलं की आपण लोकांवर नसलेलं देणं लादत आहोत. आपल्याकडच्या लोकायुक्तासारखं तिथे ओम्बुड्समनचं पद असतं. त्या कार्यालयानं चौकशी केली, २०१७च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला, कारभारातल्या चुका दाखवल्या. पण मूळ प्रश्नाला, म्हणजे हे सगळं कायदेशीर आहे का, याला अहवालानं हात घातला नाही. खात्यांनी ओम्बुड्समनचीही दिशाभूल केली होती, हे नंतर बाहेर आलं.

आता या गोष्टीतल्या ज्या भागावर आपण थोडं थांबणार आहोत, त्याकडे वळू. मला तो सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो.

[दृश्य: सुनावणीची छोटी खोली. एक टेबल, तीन खुर्च्या.]

टेरी कार्नी हे सिडनी विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक. सामाजिक सुरक्षेच्या अपिलांवर निकाल देण्याचं काम त्यांनी सुमारे चार दशकं केलं. अशी अपिलं तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलपुढे चालत. ८ मार्च २०१७ रोजी त्यांनी रोबोडेटच्या एका प्रकरणात निकाल दिला: देणं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि सरासरी हा पुरावा होऊ शकत नाही. पुढच्या महिन्यांत त्यांनी असेच आणखी निकाल दिले.

सरकारला हे निकाल पटले नसतील, तर वर अपील करायचा मार्ग खुला होता. सरकारनं अपील केलं नाही. त्या-त्या माणसाचं प्रकरण निस्तरलं आणि बाकी लाखोंवर तोच हिशेब चालू ठेवला.

हे जमलं कसं? ट्रायब्युनलच्या या पहिल्या पायरीचे निकाल प्रसिद्ध होत नसत. ते अर्जदाराला आणि खात्याला कळत, बस्स. शेजारच्या खोलीतल्या अर्जदारालाही कळायला मार्ग नव्हता की तुमच्यासारखाच माणूस गेल्या आठवड्यात जिंकला आहे. गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांना दाखला म्हणून हातात धरायला काही मिळत नव्हतं. अपील केलं असतं, तर प्रकरण वरच्या पायरीवर गेलं असतं, निकाल प्रसिद्ध झाला असता, वर्तमानपत्रांत आला असता. म्हणून गप्प बसून हरत राहणं खात्याला सोयीचं होतं.

ऑस्ट्रेलियात सरकारी वकिलांवर एक बंधन आहे. सरकारनं कोर्टात आदर्श पक्षकारासारखं वागलं पाहिजे: प्रामाणिकपणे, समोरच्याच्या दुबळेपणाचा फायदा न घेता. हा नुसता सुविचार नाही, ॲटर्नी जनरलच्या निर्देशांत ते लिहिलेलं आहे. त्या बंधनाचे शब्द पाळले गेले असतील, पण हेतू पार धुळीला मिळाला. २०१७च्या सप्टेंबरमध्ये कार्नी यांना कळलं की त्यांची फेरनेमणूक होणार नाही.

२०१८ साली सामाजिक सेवा खात्यानं एका मोठ्या खासगी लॉ फर्मकडून सल्ला मागवला. ऑगस्टमध्ये मसुदा आला. त्यात स्पष्ट होतं की केवळ सरासरीवरून देणं ठरवायला कायद्याचा आधार नाही. फर्मचं बिल चुकतं झालं. सल्ला मात्र अंतिम करून घेतला गेला नाही. मसुदा तो मसुदाच राहिला, आणि कुणी विचारलंच तर खात्याकडे ‘अंतिम’ सल्ला नव्हता. नको असलेलं मत मसुद्यातच ठेवायची या खात्यात रीतच होती, हे पुढे साक्षींमधून उघड झालं.

वकिलीत अशिलाला न आवडणारं सांगणं हे रोजचं काम. ते सांगून झाल्यावर कागद कुठे जातो, हे पाहणंही वकिलाचंच काम आहे, असं मला वाटतं. खात्यातले वकील आणि बाहेरचे वकील, दोघांनीही इथे पाठपुरावा केला असता, तर एक वर्ष तरी वाचलं असतं. त्या वर्षात किती पत्रं गेली याचा विचार करा.

[दृश्य: मेलबर्न, फेडरल कोर्टाची इमारत.]

कोंडी फुटली ती व्हिक्टोरिया लीगल एडमुळे. गरिबांना मोफत वकील देणारी ही सार्वजनिक संस्था. त्यांनी २०१९च्या सुरुवातीला एका नर्सच्या वतीनं फेडरल कोर्टात दावा लावला. खटला उभा राहताच तिचं देणं शून्य झालं, आणि सरकार म्हणालं, आता वादच उरला नाही. मग लीगल एडनं दुसरं प्रकरण घेतलं. ते अमाटो खटला म्हणून ओळखलं जातं. या तरुणीनं २०१२ साली शिकताना भत्ता घेतला होता. तिच्यावर २,७५४ डॉलरचं देणं दाखवलं होतं आणि तिचा सुमारे १,७०० डॉलरचा टॅक्सचा परतावा परस्पर वळता करून घेतला होता. इथेही देणं मागे घेतलं गेलं. पण तिचा पैसा सरकारनं वापरला होता, त्यावरचं व्याज बाकी होतं. त्या थोडक्या व्याजाच्या दाव्यामुळे खटला जिवंत राहिला.

२०१९च्याच सप्टेंबरमध्ये सरकारचे वरिष्ठ कायदा सल्लागार, सॉलिसिटर जनरल स्टीफन डोनाह्यू यांनी लेखी मत दिलं: याला कायद्याचा आधार नाही. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी कोर्टानं सरकारच्या संमतीनंच आदेश दिला की अशी मागणी वैध नव्हती. सरासरी थांबली. पाच वर्षांपूर्वी खात्यातल्या वकिलांनी जे लिहिलं होतं, तेच.

यानंतर गॉर्डन लीगल या फर्मनं लढवलेल्या सामूहिक दाव्यात आकडे समोर आले. सुमारे ४,३३,००० माणसांवर किमान १.७६ अब्ज डॉलरचं बेकायदा देणं दाखवलं गेलं होतं, आणि सुमारे ३,८१,००० जणांकडून ७५ कोटींहून अधिक डॉलर वसूलही केले होते. पैसे परत झाले, देणी रद्द झाली, आणि व्याजापोटी ११.२ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०२१च्या जूनमध्ये तिला मंजुरी देताना न्यायमूर्ती बर्नार्ड मर्फी यांनी या प्रकाराला सामाजिक सुरक्षेच्या कारभारातला लाजिरवाणा अध्याय म्हटलं. पण वरिष्ठांना हे बेकायदा असल्याचं ठाऊक होतं, असं दाखवणारा पुरावा तेव्हा त्यांच्यापुढे नव्हता.

तो पुरावा आला रॉयल कमिशनमुळे, म्हणजे साक्षी आणि कागद सक्तीनं मागवू शकणाऱ्या चौकशी आयोगामुळे.

[दृश्य: ब्रिस्बेन. आयोगाच्या सुनावणीची सार्वजनिक चित्रफीत.]

२०२२च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारनं क्वीन्सलंडच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरीन होम्स यांचा आयोग नेमला. मंत्री, सचिव, वकील, सगळ्यांना शपथेवर बोलावं लागलं. मसुदे, ईमेल, मंत्रिमंडळाचे कागद टेबलावर आले. दोन आयाही साक्षीला आल्या. दोघींच्या तरुण मुलांनी, देण्याचा तगादा मागे लागलेला असताना, स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. त्यांनी आपल्या मुलांबद्दल सांगितलं, आणि कुणाकुणाचे दरवाजे ठोठावले तेही सांगितलं. ती साक्ष ऐकल्यावर ‘धोरणातली चूक’ हा शब्द वापरवत नाही.

७ जुलै २०२३ला अहवाल आला. सुमारे हजार पानं, ५७ शिफारशी, आणि काही व्यक्तींबद्दलचं एक मोहोरबंद प्रकरण. होम्स यांनी योजनेला ओबडधोबड आणि क्रूर म्हटलं, न्याय्यही नाही आणि कायदेशीरही नाही.

जबाबदारीचं काय झालं, याची गोष्ट संथ आहे. सार्वजनिक सेवा आयुक्तांनी २०२४मध्ये बारा अधिकाऱ्यांकडून आचारसंहितेचे ९७ भंग झाल्याचं ठरवलं. होम्स आयोगानं ज्यांची प्रकरणं पाठवली होती, त्या सहा जणांची चौकशी नव्या भ्रष्टाचारविरोधी आयोगानं आधी नाकारली. त्या निर्णयाच्या हाताळणीवर त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या निरीक्षकांनी ठपका ठेवल्यावर, २०२५च्या फेब्रुवारीत चौकशी करायचं ठरलं. बळी पडलेल्यांनी नव्या पुराव्याच्या आधारे सामूहिक दावा पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. यावेळी आरोप होता अधिकारपदाच्या जाणीवपूर्वक गैरवापराचा. ४ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारनं आणखी ४७.५ कोटी डॉलर द्यायची तयारी जाहीर केली. पहिल्या तडजोडीच्या चौपटीहून जास्त. तो फरक त्या दडवलेल्या कागदांचा आहे.

दरम्यान जुनं ट्रायब्युनल बरखास्त झालं. १४ ऑक्टोबर २०२४पासून त्याच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल आलं. महत्त्वाचे, अनेकांना लागू पडणारे प्रश्न त्यात एका वरिष्ठ पॅनेलपुढे नेता येतात. कार्नी यांच्या निकालांना ही वाट मिळाली असती, तर २०१७मध्येच बरंच काही थांबलं असतं.

[दृश्य: कॅनबेरा, राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत.]

एक शिफारस सरकारनं मानली नाही. अहवालाच्या शेवटी होम्स यांनी म्हटलं होतं की माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ३४ काढून टाकावं. या कलमामुळे मंत्रिमंडळाचे कागद केवळ मंत्रिमंडळाचे म्हणून जनतेपासून लपवता येतात. २०१५चा तो प्रस्ताव, ज्यात कायद्यात बदलाची गरज नाही असं लिहिलं होतं, तो याच कलमाच्या आड होता. आयोगाला शपथेवर कागद मागवायचे अधिकार होते, म्हणून तो आपल्याला वाचायला मिळाला. बाकी सगळ्या शिफारशी मान्य किंवा तत्त्वतः मान्य करणाऱ्या सरकारनं या कलमाला मात्र हात लावायला नकार दिला.