मुक्त तांबे आणि समुद्रातील वनस्पतिप्लवक

नमस्कार, श्रोतेहो. समुद्राच्या वरच्या, सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या थरात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे वनस्पतिप्लवक तरंगत असतात आणि पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचे जवळपास निम्मे काम तेच करतात. लोह, जस्त, मँगनीज आणि तांबे हे धातू त्यांना जगण्यासाठी अत्यल्प प्रमाणात लागतातच. मात्र तांब्याच्या बाबतीत गरज कुठे संपते आणि विष कुठे सुरू होते, यांतील अंतर फारच थोडे आहे.

जास्तीचे तांबे पेशीतील प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांना चिकटते, प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनांचा प्रवाह अडवते आणि मँगनीजला आत येऊ देणाऱ्या वाटेवर स्वतःच जागा अडवून बसते. त्यामुळे मँगनीज कमी असलेल्या पाण्यात तेवढेच तांबे अधिक घातक ठरते.

पाण्यात एकूण तांबे किती आहे, यावरून मात्र त्याचा विषारीपणा ठरत नाही. सुंडा आणि गिलार्ड या संशोधकांनी 1976 साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्लवकांवर दाखवून दिले की, त्यांची वाढ खुंटते ती मुक्त तांबे-आयनांमुळे, म्हणजे दुसऱ्या रेणूंनी बांधून न ठेवलेल्या, विद्युतभारित तांब्याच्या अणूंमुळे, एकूण तांब्यामुळे नव्हे. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. समुद्राच्या पृष्ठभागाजवळचे बहुतेक सगळे तांबे सेंद्रिय रेणूंनी बांधून ठेवलेले असते, आणि असे बांधलेले तांबे पेशीला सहसा अपाय करत नाही. तांब्याच्या बाबतीत सर्वांत हळवे असतात ते नीलहरित जीवाणू, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवाल, बरेच अधिक सोसतात. विशेष म्हणजे, सिनेकोकॉकस हे नीलहरित जीवाणू तांब्याचा ताण पडताच त्याला जखडून ठेवणारे रेणू स्वतःच पाण्यात सोडतात. इतक्या चिमुकल्या जिवाची ही धडपड मला फार हृद्य वाटते.

परंतु हे संरक्षण अमर्याद नाही. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगांतून बंदरांच्या पाण्यात तांबे सतत झिरपत असते. बांधून ठेवणारे रेणू शिल्लक असेपर्यंत मुक्त आयन फारसे वाढत नाहीत. पण ते रेणू एकदा भरून गेले की, पुढे पडणाऱ्या तांब्याचा बराच मोठा हिस्सा मोकळाच राहतो, आणि एकूण तांबे किंचितच वाढलेले दिसत असताना पेशींना जाणवणारे विष कित्येक पटींनी वाढलेले असते.