थांबा, तोच वळेल

(दृश्य: तांबडी सुर्ला, गोवा. पहाटेचा उजेड. महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, मागे गच्च रान.)

निवेदन:
भगवान महावीर अभयारण्यातलं हे जंगल. नोव्हेंबर ते मार्च इथे देशातून आणि परदेशातून पक्षीनिरीक्षक येतात. त्यांना हवे असतात पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नसलेले पक्षी. मलबारी राखी धनेश, किरमिजी पाठीचा चिमुकला सूर्यपक्षी, गोव्याचा राज्यपक्षी लालकंठी बुलबुल.

गाईड अजून काही दाखवत नाही, ऐकतो आहे. सदाहरित रानात आधी कान, मग दुर्बीण. लांबून कुणी खदखदून हसल्यासारखा आवाज येतो. राखी धनेश! याच्या चोचीवर इतर धनेशांसारखं शिंग नसतं. त्याला शोधायचं तर कुठला उंबर कधी पिकतो, हे ठाऊक हवं.

(दृश्य: झाडीतून सरकणारा मिश्र थवा.)

भृंगराज पक्षी ओरडला की पाय उचलायचे. त्याच्या सोबतीने किडे टिपत मिश्र थवा चालतो, आणि त्यातच बरेचदा कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगॉन असतो. नराचं पोट लालभडक, पण संशय आला की तो पाठ फिरवून बसतो आणि ती तपकिरी पाठ रानात विरून जाते. नवखा पाहुणा इथेच पुढे सरसावतो. गाईड हळूच म्हणतो, ‘थांबा, तोच वळेल.’ माझ्या मते गाईडची खरी परीक्षा इथे होते.

(दृश्य: वाळक्या पानांच्या जाळीत बसलेली फ्रॉगमाउथची जोडी.)

श्रीलंका फ्रॉगमाउथ पश्चिम घाट आणि श्रीलंका एवढ्यातच राहतो. रात्री शिकार, दिवसा अगदी स्तब्ध. राखाडी नर, तांबूस मादी, खांद्याला खांदा लावून. समोर असूनही वाळकी पानंच वाटतात. दिवसा बसायची जागा ठरलेली असते आणि गाईडला ती माहीत असते. जोडी सतत उठवली गेली, तर ती जागाच सोडून देते. म्हणून इथे फ्लॅश नाही, लेझरचा ठिपका पक्ष्यावर नाही, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं तर नाहीच. तो आवाज ऐकून नराला वाटतं, हद्दीत दुसरा शिरला. मग अंडं सोडून तो भांडायला निघतो. अंडं असतं एकच.

अडचण अशी की पाहुण्यांचा हंगाम आणि विणीचा हंगाम एकमेकांवर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. उरते एक फट. त्या फटीतून नर जे भरवेल, त्यावरच आधी ती आणि मग पिल्लं जगतात. ढोलीसमोर माणसं उभी राहिली, तर नर चोचीत फळं घेऊन लांबच बसून राहतो.

(दृश्य: पिकलेला उंबर, खाली बसलेले पाहुणे.)

चांगला गाईड त्या ढोलीकडे कुणालाच नेत नाही, जास्त पैसे देऊ केले तरी नाही. तो पाहुण्यांना इथे, उंबराखाली आणून बसवतो. मादीसाठी फळं गोळा करायला नर इथेच येतो.