ॲम, इज, वॉज, बी: एकाच क्रियापदाची इतकी वेगळी रूपं का?

नमस्कार मंडळी! शाळेत इंग्रजीच्या तासाला घोकलेला तक्ता आठवतोय ना? आय ॲम, यू आर, ही इज, मग वॉज, वेअर, मग बी आणि बीन. बाकीची क्रियापदं बघा, वॉक घ्या, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग, सगळीकडे वॉक दिसतोच. आणि इथे ॲम, वॉज आणि बी हे तिघं एकाच क्रियापदाचे आहेत असं कोणी सांगितलं नाही तर खरंही वाटणार नाही. वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंग्रजी अशीच आहे, पाठ करा". मला या उत्तराचा खरंच राग येतो, कारण याचं छान कारण आहे आणि ते मराठी माणसाला समजायला तर सगळ्यात सोपंय.

कारण हे की हे एक क्रियापद नाहीच. मुळात निदान तीन वेगळी क्रियापदं होती, आणि हळूहळू प्रत्येकातली थोडी रूपं उरून त्यांचा एक संसार झाला.

पहिलं क्रियापद म्हणजे ॲम आणि इज. संस्कृतमध्ये काय म्हणतात? अस्मि, अस्ति. ॲममधला म आणि अस्मिमधला म एकच आहे, योगायोग नाही. विल्यम जोन्स नावाचा इंग्रज न्यायाधीश 1786 साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर भाषणात म्हणाला होता की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य क्रियापदांच्या धातूंपर्यंत जातं, तेव्हा या भाषा एकाच उगमातून आल्या असणार, आणि इंग्रजी ज्या जर्मानिक घराण्यातली आहे तेही त्याच उगमाचं असावं.

दुसरं क्रियापद बी. याचा धातू संस्कृतातला भू, भवति. आपला भ तिकडे ब होतो, जसं भ्रातृ आणि ब्रदर. आणि मराठीत येताना याच भवतिचं प्राकृतात होइ झालं आणि त्यातून आपलं होणे आलं, भचा ह झाला, जसं गभीरचं गहिरं. म्हणजे तुम्ही "होतं" म्हणता आणि इंग्रज "बी" म्हणतो, दोघं एकाच धातूवर उभे आहात.

आणि आता तिसरं, माझं सगळ्यात आवडतं, वॉज. याचा धातू वस्. हो, वसणे, निवास, वस्ती यांतला वस्! गावाकडे रात्री मुक्कामाला येणारी आणि पहाटे परत निघणारी एसटी असते ना, तिला आपण वस्तीची गाडी म्हणतो, त्या वस्तीत जो धातू आहे तोच वॉजमध्ये आहे. मूळ अर्थ राहणे, मुक्काम करणे. ही वॉज म्हणजे खोलात जाऊन बघितलं तर "तो राहिला". आणि संस्कृतात "तो राहिला" याला काय रूप आहे? उवास. उवास आणि वॉज, दोन्ही मोठ्याने म्हणून बघा.

मग वेअर कुठून आलं, वॉजमधला स जाऊन तिथे र कसा काय आला? याचं उत्तर 1870 च्या दशकात कार्ल व्हर्नर नावाच्या डॅनिश अभ्यासकाने दिलं आणि त्याला मदत कोणाची झाली तर वेदांची. झालं असं की जर्मानिक भाषांमध्ये काही व्यंजनं कधी एक तर कधी दुसरीच दिसतात आणि त्याचा नियम सापडत नव्हता. व्हर्नरने बघितलं की वैदिक संस्कृतमध्ये शब्दावरचा जुना स्वर, म्हणजे जोर कुठल्या अक्षरावर आहे ते, जपलेलं आहे, आणि तो जोर धरून तपासलं की सगळं जुळतं. एकवचनात उवास, जोर धातूवर. अनेकवचनात ऊषुः, जोर शेवटच्या प्रत्ययावर. जिथे जोर धातूवर तिथे जर्मानिकमध्ये स टिकला, जिथे जोर पुढे सरकला तिथे सचा आधी झ आणि मग र झाला. म्हणून ही वॉज आणि दे वेअर. विचार करा, वेदपाठी लोकांनी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ करून उदात्त अनुदात्त, म्हणजे हेच चढे-उतरे स्वर, जपले आणि त्यावरून युरोपातल्या भाषांचं कोडं सुटलं. पाठांतराला आपण सहज नावं ठेवतो, पण या पाठांतरापुढे मी मनापासून हात जोडतो.

आर बद्दल फार वेळ घालवत नाही. त्याच्या धातूबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. एवढं नक्की की ते इंग्लंडच्या उत्तरेकडून पसरलं आणि दक्षिणेकडे त्याच्या जागी सिंदोन असं रूप होतं, जे आपल्या सन्तिचं भावंडं. जर्मनमध्ये सिंद अजून आहे, इंग्रजीने सोडून दिलं.

आता तुम्ही म्हणाल की तीन क्रियापदं एकत्र करायची गरजच काय? तर हे फक्त इंग्रजांनी केलेलं नाही. पाणिनीचं सूत्र आहे, "अस्तेर्भूः", म्हणजे ठराविक प्रत्ययांपुढे अस् च्या जागी भू घ्यायचा. संस्कृतातही अस् सगळीकडे चालत नाही, मध्येच भू मदतीला येतो. आणि मराठीत? मी आहे, मी होतो, मी असेन. आहे, होतो, असेन, सांगा बघू यांत काय सारखं आहे! आपण कधी अडखळतो का? लहान मूल सुद्धा अडखळत नाही. तसंच जातो आणि गेला. जातो आला "या" (म्हणजे जाणे) ह्या संस्कृत धातूपासून, गेला आला गम् पासून, गत वरून. आणि इंग्रजीत गो आणि वेंट, वेंट हा वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ होता जो गोने स्वतःकडे घेतला. रोज तोंडात असणारी क्रियापदंच अशी राहतात कारण ती इतक्या वेळा कानावर पडतात की वेडीवाकडी रूपं सुद्धा पाठ होऊन जातात, क्वचित लागणारं क्रियापद मात्र लोक नियमात बसवून टाकतात.

आता खरी गंमत. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत वर्तमानकाळात दोन वेगळी रूपं होती, एक इज आणि दुसरं बिथ, जे बीच्या घरातलं. इज म्हणजे आत्ता आहे. बिथ म्हणजे नेहमी असतो, किंवा पुढे असेल. जुन्या इंग्रजीत सुभाषितासारख्या ओळींची एक कविता आहे, त्यात येतं "विंटर बिथ चेआल्डोस्ट". मराठीत काय होईल? हिवाळा सगळ्यात थंड असतो. "आहे" नाही, "असतो"! हा फरक आजचा इंग्रज एका शब्दात करू शकत नाही, त्याला युज्वली वगैरे जोडावं लागतं, आणि आपण सहज म्हणतो, "बाबा घरी आहेत" आणि "बाबा घरी असतात". दारात उभ्या माणसाला यातलं कुठलं वाक्य सांगायचं ते आपल्याला बरोबर कळतं.

नकाराचंही तेच. जुन्या इंग्रजीत ने आणि इज मिळून निस, ने आणि वॅस मिळून नॅस. आपलं न आणि होता मिळून नव्हता, न आणि असतो मिळून नसतो. त्यांची निस, नॅस गेली, आपली रोज वापरात आहेत.

या धातूंचे नातेवाईक इंग्रजीत सगळीकडे पसरलेत. भू चा जर्मानिक भाषांमध्ये राहणे, वस्ती करणे असाही अर्थ झाला, म्हणून हजबंड म्हणजे मुळात घर करून राहणारा घरमालक, नवरा हा अर्थ नंतरचा, आणि नेबर म्हणजे जवळ राहणारा. लॅटिनमधून आलेला फ्यूचर हा भू चा आणि आपला भविष्य सुद्धा भू चाच, म्हणजे दोन्ही भाषांनी पुढच्या काळाला एकाच धातूवरून नाव दिलं. फिजिक्स ग्रीकमधून आला, तोही भू चा, आणि भौतिकशास्त्रातलं भौतिक हे भूत वरून, म्हणजे परत भू! आणि साधं येस घ्या, बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच्या शेवटी "असो, तसं असावं" या अर्थाचं जुनं रूप दडलेलं आहे, संस्कृतात त्याच घराण्यातलं रूप म्हणजे स्यात्, जैनांच्या स्याद्वादात येतं ते.

पुढच्या व्हिडिओत डू घेऊया, त्याच्या मुळाशी आपला धा हा धातू आहे, विधान आणि निधान मधला, आणि डिड मधले दोन ड दधाति शी कसे जुळतात ते तिथे नीट उलगडून बघू.