जुनी बोट घेताना इंजिन कसं पारखावं

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना संपत आला की मालवण, वेंगुर्ले, दापोली, अलिबाग अशा किनाऱ्यांवर जुन्या बोटींच्या विक्रीची बोलणी सुरू होतात. १ जूनपासून मासेमारी बंद होते, पर्यटनाच्या बोटी वर ओढल्या जातात, आणि ज्याला बोट काढायची आहे तो ती पावसाळाभर सांभाळण्यापेक्षा आधीच विकायला बघतो. फायबरची बोट आणि तिच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन, असा हा सौदा बहुतेक वेळा असतो. आज मी त्यातल्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. फायबरला तडा गेला तर तो किनाऱ्यावर भरून काढता येतो. इंजिन बसलं तर कधी कधी बोटीच्या किमतीइतका खर्च येतो. आणि ते कुठे बंद पडेल हे कोण सांगणार? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, किंवा कोणत्याही खाडीच्या मुखाशी, लाटा फुटतात त्या पट्ट्यात इंजिन थांबलं तर बोट लाटेला आडवी होते आणि पुढची लाट आत येते. बोटीत माणसं बसलेली असतात. म्हणून या पारखणीला पैशापेक्षा मोठं कारण आहे.

बोट बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर झाकण काढून सिलिंडरच्या अंगाला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण ते गार होईपर्यंत पुढे जाऊ नका. थंड इंजिन सुरू व्हायला किती वेळ घेतं, चोक किती वेळा ओढावा लागतो, पहिल्या मिनिटात ते एकसारखं चालतं की अडखळतं, यातून बरंच कळतं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन या सगळ्या खोडी लपवतं.

झाकण उघडलंच आहे तर नीट बघून घ्या. नवा कोरा रंग दिसला की मला आधी शंका येते. रंगाखाली मिठाचे पांढरे फुगवटे आहेत का, बोल्टची डोकी पाना लावून झिजली आहेत का, वायरच्या जोडांवर हिरवट गंज आहे का, हे बघा. थोडा जुना दिसणारा, पण ग्रीस लावलेला आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतलेला इंजिनाचा सांगाडा मला चकचकीत रंगापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. ‘फार कमी वापरलंय’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. खाऱ्या हवेत नुसतं पडून राहिलेलं इंजिन रोज चालणाऱ्या इंजिनापेक्षा चांगलंच असेल असं नाही. आत गंज धरतो, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबर कडक होतं, कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं. इंजिन फ्युएल इंजेक्शनचं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस संगणक जोडून ते किती तास चाललं, त्यातले किती तास पूर्ण वेगात आणि आधी कोणते दोष नोंदले गेले, हे वाचून दाखवू शकतो. त्याची फी जरूर द्या.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या आउटबोर्डच्या पुस्तिकेत बहुधा १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन तळातूनच ओढतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरं यामुळे मऊ पडतात. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी, नळ्या आणि कार्बोरेटर या तिन्हींचा खर्च हिशेबात धरा.

आता स्पार्क प्लग. सगळे काढून क्रमाने मांडा. फिकट तपकिरी रंग असेल तर ठीक. काळा आणि तेलकट असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर तो सिलिंडर तापलेला आहे. आणि बाकीचे मळलेले असताना एकच प्लग अगदी स्वच्छ धुतल्यासारखा निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता आहे. या शेवटच्या खुणेकडे मुळीच दुर्लक्ष करू नका.

प्लग काढलेत तर लगेच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. ही मेस्त्रीला सोबत नेऊन करायची गोष्ट. त्याआधी इंजिन पिंपातल्या पाण्यात थोडं चालवून कोमट करायचं. कोरडं मात्र काही क्षणही चालवायचं नाही, पंपाचं रबर जळतं. मग सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, सुरक्षेची लाल दोरी काढून ठिणगी बंद, आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सारखेच फेरे द्यायचे. आकडा किती आला यावर लोक वाद घालतात. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा, शिवाय गेजचाही फरक पडतो. मी सगळ्या सिलिंडरमधला सारखेपणा बघतो. १२०, ११८, १२१ आले तर समाधान आहे. १२०, ११८ आणि तिसरा ९५ आला तर त्या तिसऱ्यात रिंग किंवा सिलिंडरची भिंत गेली आहे असं समजून बोला. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात १० टक्क्यांच्या वर फरक नको. दोन-स्ट्रोक इंजिनात अशी एका सिलिंडरची झीज बऱ्याचदा पेट्रोलमध्ये तेल कमी घातल्याने किंवा थंड पाणी न पोहोचल्याने झालेली असते.

खालच्या गिअरच्या भागात दोन स्क्रू असतात. बोट रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी खालचा स्क्रू थोडा सैल करा. पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून पहिल्यांदा तेच बाहेर येतं. तेल दुधाळ असेल तर सील गेलं आहे. बऱ्याच इंजिनांत या स्क्रूच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर बारीक करडा लेप चालतो, पण नखात धरता येतील असे लोखंडाचे कण चालत नाहीत. तेल आत्ताच बदललेलं दिसलं तर पाण्यातल्या फेरीनंतर पुन्हा बघा.

आणि ती फेरी झालीच पाहिजे. इथे मी अडून बसायला सांगतो. किनाऱ्यावर पिंपात चालणाऱ्या इंजिनावर काही भारच नसतो, त्यामुळे अर्धमेलं इंजिनही तिथे गोड चालतं. पंख्याला पाणी ढकलावं लागतं तेव्हाच त्याची खरी ताकद दिसते. रोज जितकी माणसं नेणार तितकं वजन बोटीत घ्या. खाडीत सपाट पाणी असताना थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिनाचे फेरे वाचा. बोटीत मीटर नसेल तर प्लगच्या वायरला लावायचा छोटा मीटर मिळतो. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलचे फेरे दिलेले असतात, ४० अश्वशक्तीच्या बऱ्याच दोन-स्ट्रोक इंजिनांना मिनिटाला ४,५०० ते ५,५००, मोठ्या चार-स्ट्रोकना साधारण ५,००० ते ६,०००. तिथवर पोहोचत नसेल तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका. आधी बोटीच्या तळाला शिंपले चिकटलेत का ते बघा आणि पंख्यावर कोरलेले आकडे वाचा. दुसरा आकडा पिचचा, म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल त्याचा. पिच एका इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. पंखा बरोबर, तळ स्वच्छ, तरी ८०० फेरे कमी पडत असतील तर इंजिन थकलेलं आहे.

या फेरीत इंजिन थंड करून मागे पडणारी पाण्याची धारही बघत राहा. धार बारीक असेल तर आधी तिच्या भोकात तार घाला, बहुतेक वेळा मिठाचा खडा निघतो. मात्र जोरदार धार म्हणजे सगळं इंजिन थंड होतंय असं नाही, आतल्या वाटा मिठाने भरलेल्या असू शकतात. किनाऱ्याला आल्यावर तापमान मोजणारी गन प्रत्येक सिलिंडरवर धरा. एखादाच जास्त गरम दाखवला तर तिथे पाणी पोहोचत नाही.

डिझेलच्या इनबोर्डवर, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनावर, स्वतंत्र भाषण होईल, म्हणून इतकंच सांगतो. तापल्यानंतरही निळा धूर असेल तर तेल जळतंय. भार घेताना दाट काळा धूर असेल तर हवा कमी पडते आहे किंवा पंखा जड आहे. पांढरा धूर हटत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जातंय. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडून बघा, भकाभका वाफ येत असेल तर रिंगा गेल्या आहेत.

कागदपत्रांत इंजिनाच्या पट्टीवरचा क्रमांक आणि नोंदणीतला क्रमांक एकच आहे याची खात्री करा. पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरा.

पावसाळ्यात वर ओढलेली बोट घ्यायची वेळ आली तर पाण्यातली चाचणी तेव्हा होत नाही. अशा वेळी थोडा इसार द्या आणि चिठ्ठीवर लिहून घ्या, की मोसम सुरू झाल्यावर भरल्या बोटीने चाचणी होईल, ठरलेले फेरे मिळाले तर बाकीची रक्कम दिली जाईल, नाही मिळाले तर इसार परत. दोघांनी सही करा. विकणारा याला तयार नसेल तर पुढच्या वाडीतली बोट बघायला जा.

नमस्कार.