पाठवलंय कोणी, तर मामाने

नमस्कार मंडळी! आज बोलूया व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर. गुड मॉर्निंगच्या गुलाबांवर आपण एरवी हसतोच, त्यामुळे ते राहू दे बाजूला.

2018 मध्ये एक व्हिडिओ देशभर फिरत होता, आठवतोय का बघा. गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि सुसाट पसार. बघून पोटात गोळाच यायचा. खाली लिहिलेलं असायचं, मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा. आता हा व्हिडिओ होता कराचीचा, आणि घटना खरी नव्हतीच, तिथल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती ती. मूळ जाहिरातीत ते दोघं परत येतात, पोराला खाली सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात, की कराचीच्या रस्त्यावरून मूल उचलायला एक क्षण पुरतो. कोणीतरी फक्त तो परत येण्याचा भाग कापला. बाकी काहीच करावं लागलं नाही.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते तुम्हाला माहितीय. रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारे आले अशी अफवा त्या भागात आधीच मोबाईलवर फिरत होती, त्यात संशय आला, जमाव जमला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन त्यांना मार मार मारलं. पाचही जण गेले.

मला यात खटकतं ते वेगळंच. डवरी गोसावी, वासुदेव, पिंगळा, ही फिरती माणसं आपल्या गावांना काही नवी नाहीत हो, पिढ्यानपिढ्या दारात यायची, आजी सुपात धान्य घेऊन बाहेर यायची, नाव माहीत नसलं तरी माणूस ओळखीचा असायचा. आणि मेसेजचं बरोबर उलटं, लिहिला कोणी याचा पत्ता नाही, पण पाठवलाय मामाने, नाहीतर शेजारच्या वहिनींनी, मग तो खोटा कसा असेल? आणि त्यांनीही वाईट बुद्धीने नाही पाठवलेला, पोराबाळांच्या काळजीनेच पाठवलाय, म्हणून तर तो पळतो.

नंतर कंपनीने हालचाल केली. जुलै 2018 मध्येच भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं, 2019 मध्ये ते जगभर लागू झालं, आणि एप्रिल 2020 पासून फार फिरलेला मेसेज, तो दोन बाणांचा, एका वेळी एकाच चॅटला. चांगलंय, पण तेव्हा एका ग्रुपमध्ये 256 माणसं मावायची, पाच ग्रुपचा हिशेब तुम्हीच करा.

आणि फॅमिली ग्रुपवर काकांनी काहीतरी भलतंच टाकलं की काय होतं? चार जणांना कळलेलं असतं हे खोटंय, पण मोठ्यांना चारचौघांत कसं बोलायचं, म्हणून सगळे गप्प, आणि कोणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकून मोकळं होतं. काकांना वाटतं, पटलं सगळ्यांना! ते पुढच्या ग्रुपकडे वळतात. त्यांना फोन लावा ना सरळ, ग्रुपवर नको, काका ते जुनं आहे हो, काढून टाका म्हणा. थोडे रुसतील, पण काढतात.